रिकाम्या चौकटीचा रंग

“आक्का, तुमच्या नकाशात आमची वस्ती हिरवी हाय, आन् हितं पाणी गोठ्यात आलंय की!”

फोन मंदा खटकेचा होता. सकाळचे दहा वाजायला आले होते. खटकेवस्ती म्हणजे माढा तालुक्यात सीना नदीच्या काठावरची तीन घरं. एका घरात मंदा, तिची सासू आणि मंदाची दोन मुलं. नवरा ट्रक चालवतो, तो त्या दिवशी टेंभुर्णीला अडकला होता. दुसऱ्या घरात मंदाचे चुलत सासरे, तात्या, एकटेच. तिसरं घर स्लॅबचं, पण त्याला कुलूप. मालक पुण्याला.

“गोठ्यात म्हणजे किती?” मी विचारलं.

“म्हशीच्या गुडघ्याला.”

“तात्या कुठे आहेत?”

“मोटार काढायला नदीवर गेल्यात. सकाळी सातला तुमचा नकाशा बघितला त्यांनी. म्हणले, मगाशी पिवळी हुती, आता हिरवी झाली, पाणी उतराय लागलं. तोवर मोटार काढून आणतो म्हणले. अजून आले न्हाईत.”

नदी चढायला लागली की काठावरची पाणी उपसायची मोटार सोडवून वर आणायची, ही तिकडची रीत आहे. सगळेच करतात. तात्यांनी वेगळं काही केलं नव्हतं.

मी समोरच्या पडद्यावर खटकेवस्तीवर बोट दाबलं. चौकट उघडली. वर नाव होतं, रंग हिरवा होता. खाली पाण्याची पातळी लिहिलेली असते. तिथे काहीच नव्हतं. मागचा तास उघडला, तोही रिकामा. त्याच्या मागचा, रिकामा. सकाळी सहाचा आकडा तेवढा होता, आणि तेव्हा वस्ती पिवळी होती.

तेव्हा मला कळलं काय झालंय ते. आणि कुणामुळे झालंय तेही कळलं, कारण रिकाम्या चौकटीला हिरवा रंग द्या, हे सांगणारी मीच होते.

आमचं काम काय, ते आधी सांगते. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सरकारच्या बऱ्याच आकड्यांना कुलूप नसतं. कुठे किती पाऊस झाला, धरणातून किती पाणी सोडलं, नदीची पातळी कुठवर आली, सगळं इंटरनेटवर टाकलेलं असतं. कुणीही बघावं. पण बघणार कसं? दोनशे ओळींचा तक्ता, बारीक अक्षर, गावांची नावं इंग्रजीत. शेतात उभ्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. आम्ही तेच आकडे दर तासाला उचलतो आणि त्यांचा नकाशा करतो. नकाशा हलता असतो. बोटाने मोठा करा, आपल्या गावावर दाबा, गावाचा आकडा उघडतो. तास मागे सरकवा, पाणी कसं चढत आलं ते दिसतं. पातळी कमी असेल तर गाव हिरवं, चढायला लागली की पिवळं, धोक्याची झाली की लाल. आकडे आमचे नसतात. दाखवायचं काम आमचं.

आम्ही तिघं. माझ्या भावाची मुलगी पद्मा, ती इंजिनियर. इस्माईल, तो प्रोग्राम लिहितो. आणि मी. कचेरी आमच्याच घराच्या खालच्या खोलीत, जिथे आधी भावाचे दोन माग होते. भिंतीला अजून तेलाचे डाग आहेत. पद्मा म्हणते रंग काढू. मी म्हणते, गिऱ्हाईक भिंत बघायला येत नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढे तीसेक वर्षं मी चादरीच्या कारखान्यात ग्राफ भरायचं काम केलं. चादरीवर मोर हवा असेल तर तो आधी चौकटींच्या कागदावर काढावा लागतो. एक चौकट म्हणजे एक धागा. चौकट भरली तर धागा वर येतो, मोर दिसतो. रिकामी सोडली तर खालची जमीन दिसते. भरलेल्या कागदावरून पुठ्ठ्याला भोकं पाडतात आणि पुठ्ठा मागावर चढतो. एक चौकट चुकली तर मोराचा डोळा पाठीवर जातो, आणि माग तीच चूक दर चादरीवर करत राहतो. मागाला अक्कल नसते. कॉम्प्युटरलाही नाही. पद्माला हे शिकायला चार वर्षं कॉलेजात जावं लागलं.

या कामात मी आले ती चहा घेऊन. पद्मा आणि इस्माईल पावसाचा पहिला नकाशा बघत बसले होते. खूष होते. मी बशी ठेवली आणि म्हटलं, “हा एका ओळीने सरकलाय.”

“काय सरकलंय, अत्ता?” पद्मा म्हणाली. आमच्यात आत्याला अत्ता म्हणतात.

“काल बार्शीला धो धो पाऊस होता, माझी मैत्रीण सांगत होती. तुमच्यात बार्शी कोरडी आणि माढ्याला पूर. नावं जिथल्या तिथे आहेत, आकडे एक घर खाली उतरलेत.”

इस्माईलने तपासलं. तक्त्यात वरती एक ओळ जास्तीची आली होती, त्यामुळे प्रत्येक गावाला शेजाऱ्याचा पाऊस मिळाला होता. त्याने कान धरले. “आक्का, कल से तुम्हीच बसा हितं.”

दुसऱ्या दिवसापासून मी बसले. रंग मी ठरवायचे. गावांची नावं मराठीत मी लिहायची. नवा नकाशा पहिल्यांदा बाहेर जायच्या आधी प्रत्येक गावावर बोट दाबून आकडा मूळ तक्त्याशी मी ताडून बघायची. या कामाला इंग्रजीत मोठं नाव आहे. मी त्याला दाबून बघणं म्हणते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आले होते. पांढरे कपडे, बोटात तीन अंगठ्या. शाळांचे निकाल वेबसाइटवर असतात, त्यातून जिल्ह्यातल्या शाळांचा तक्ता हवा होता. उभ्या पट्ट्यांचा, दाबलं की उघडणारा. केला. त्यांची पट्टी शेजारच्या शाळेपेक्षा नखभर उंच आली.

“एवढासाच फरक?” ते म्हणाले. “जरा उठून दिसू द्या की. पट्टी खालून कशाला सुरू करता? ऐंशीपासून सुरू करा. म्हणजे आमची डबल दिसंल.”

पद्मा काहीतरी गुळमुळीत बोलायला लागली. मी म्हटलं, “साहेब, टॉवेल आखूड विणायचा आणि गिऱ्हाइकासमोर ताणून मोजायचा, तसलं काम आमच्याकडे होत नाही. ती दुकानं वेगळी.”

“बाई, तुमचं शिक्षण किती?”

“चौथी. म्हणून तर ऐंशीच्या आधी शून्य येतं हे विसरले नाही.”

ते उठून गेले. इस्माईल दोन दिवस हसत होता. नंतर आमच्याकडे असा नियमच झाला, की आक्का म्हणेल तसं. मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू. कारखान्यात तीस वर्षं मला कुणी विचारलं नव्हतं, इथे शिकलेली माणसं विचारत होती. आणि एकदा सगळ्यांनी विचारणं बंद करून नुसतं ऐकायला सुरुवात केली की चूक शिरायला दार मोकळं होतं. हे मला आता कळतंय.

नदीचा नकाशा करताना इस्माईलने विचारलं होतं, “आक्का, एखाद्या तासाला आकडा आलाच नाही, चौकट रिकामी आली, तर कुठला रंग देऊ?”

मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. “जमिनीचा. रिकामी चौकट म्हणजे जमीन.”

नकाशाची जमीन हिरवी होती. तीही मीच निवडलेली.

माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर ही चूक झाली नसती. कुठल्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं, की आकडा नाही म्हणजे माहीत नाही, त्याचा हिरव्याशी काय संबंध? पण माझ्या हाताला तीस वर्षांची सवय. ग्राफावर रिकामी चौकट कधी ‘माहीत नाही’ नसते. ती मुद्दाम रिकामी सोडलेली असते. तिथे काही नाही, हे ठरवून झालेलं असतं. मी तोच नियम नदीला लावला. पद्मा आणि इस्माईल दोघांनी मान डोलावली.

वर उन्हाळ्यात मी आणि पद्मा नदीकाठच्या वस्त्यांवर जाऊन बायकांना नकाशा शिकवून आलो. मंदाची ओळख तिथली. तिने चहा केला होता. मी तिला म्हटलं होतं, “लाल झाली की निघायचं. हिरवी असेल तर उगाच घाबरायचं नाही.” तिची सासू मांडीचं हाड मोडून बाजेवर पडलेली. तिने आतून आवाज दिला, “नदी काय तुमच्या फोनला इचारून येती व्हय?” आम्ही सगळ्या हसलो होतो.

तर त्या सकाळी वस्तीजवळच्या पुलाच्या खांबावरचं पाणी मोजायचं यंत्र बुडालं की वाहून गेलं, मला ठाऊक नाही. आकडे थांबले एवढं खरं. सहाला वस्ती पिवळी होती. सातला चौकट रिकामी आली आणि वस्ती हिरवी झाली. तात्यांनी नेमकी तीच बघितली.

“मंदा, नकाशा बाजूला ठेव,” मी म्हटलं. “तो चुकलाय. पाणी वाढतंय असंच धर. शाळेकडे जाता येतं का?”

“मधी ओढा हाय. त्यो भरलाय.”

“मग ओढ्यात पाय घालू नकोस. पुण्यावाल्यांच्या घराचं कुलूप तोड. स्लॅबवर जायला जिना आहे ना?”

“हाय. पर आत्याबाईला कसं न्यायचं? ती हलत न्हाय जागची.”

“घरात चादर आहे? जाड, आपली सोलापुरी?”

“लग्नातली हाय.”

“जमिनीवर अंथर, सासूला तिच्यावर घे. डोक्याकडच्या दोन कोपऱ्यांना गाठी मार आणि ओढ. फाटायची नाही. माझ्या हातून अशा हजार गेल्यात.”

फोन तिने चोळीत खोचला असावा. सगळं ऐकू येत होतं. कुलपावर वरवंटा आपटल्याचा आवाज. मुलीला हाक. मग सासूचा आवाज, चांगला खणखणीत. “आगं डोस्कं आपटतंय माझं! मेलेली हाय का मी, अशी फरफटाया?”

“गप बसा आत्याबाई, जिना हाय!”

“त्या नकाशावालीला म्हणावं, तू ये हितं आन् वढ मला!”

इकडे इस्माईल दुसऱ्या फोनवर होता. पुराच्या दिवसांत तालुक्याला एक खोली उघडतात, होड्या तिथून सुटतात. तो फोन लागायलाच दहा मिनिटं गेली. लागला तेव्हा मी तो हातात घेतला आणि सांगितलं, खटकेवस्तीला होडी पाठवा, पाच माणसं आहेत, त्यांतली एक हलू न शकणारी.

पलीकडचा माणूस नम्र होता. दमलेला होता. म्हणाला, “मॅडम, होड्या दोनच आहेत. लाल गावं आधी घेतोय. तुम्ही म्हणता ती वस्ती तर हिरवी दिसतेय इथे.”

“कुठे दिसतेय?”

“तो सोलापूरच्या पोरांनी केलेला नकाशा आहे ना, तोच लावलाय भिंतीवर. लई बरोबर असतो.”

माझ्या कारखान्यातल्या तीस वर्षांच्या आणि नंतरच्या कामाची एवढी तारीफ कुणी केली नव्हती. मी त्याला म्हटलं, “ती पोरं म्हणजे मी. नकाशा चुकलाय. पाच मिनिटांनी परत बघा.”

फोन ठेवला आणि इस्माईलला म्हटलं, “खटकेवस्ती लाल कर.”

त्याचे हात बटणांवर थांबले. “आक्का, आकडाच नाही तर लाल कसं करू? वो भी झूठच होईल.”

“मंदाने पाणी बघितलंय. म्हशीच्या गुडघ्याएवढं. तो आकडा नाही तर काय आहे?”

पद्मा म्हणाली, “अत्ता, एका फोनवर आपण रंग बदलायला लागलो तर उद्या कुणीही फोन करेल. होडी चुकीच्या गावाला जाईल.”

तिचं म्हणणं बरोबर होतं. तेव्हाही मला ते बरोबरच वाटलं होतं. मी म्हटलं, “मग तसं लिही. लाल कर आणि खाली लिही, यंत्र बंद, वस्तीतल्या बाईने फोनवर सांगितलं, इतके वाजून इतकी मिनिटं. ज्याला विश्वास ठेवायचा नाही त्याने ठेवू नये. आणि बाकी जिथे जिथे चौकट रिकामी आहे तिथला हिरवा काढ. सगळं करडं कर.”

“करडं म्हणजे काय समजतील लोक?”

“आम्हाला माहीत नाही, असं समजतील. तेच खरं आहे.”

इस्माईलने चार मिनिटांत केलं. खटकेवस्तीच्या खालच्या अंगाला आणखी तीन गावं करडी झाली. तीही सकाळपासून हिरवी होती. पद्माने ते बघितलं आणि खुर्चीत बसली. मग उठून त्या तिन्ही गावांत फोन लावत सुटली. त्या गावांतली माणसं आधीच देवळाच्या माळावर गेली होती. त्यांनी नकाशा बघितलाच नव्हता, नदी बघितली होती.

तालुक्याच्या खोलीतल्या त्या माणसाचाच फोन आला. “मॅडम, दिसली लाल. एक होडी वळवली.”

मंदा, मुलं आणि सासू साडेदहाच्या सुमाराला स्लॅबवर पोचली होती. पाणी घराच्या उंबऱ्याच्या वर आलं, मग खिडकीला लागलं. तिने मध्येच म्हशीचं दावं कापलं होतं. दर पाच मिनिटांनी ती एकच विचारत होती, “आक्का, तात्यांचं काय कळलं का?” मी दर वेळी नाही म्हणत होते. हिरवं म्हणून झालं होतं माझं. आता माहीत नसेल तर माहीत नाही एवढंच सांगत होते. होडी बारानंतर आली.

तात्या दुसऱ्या दिवशी सापडले. दोन किलोमीटर खाली, बाभळीत. मोटारीचा दोर कमरेला बांधलेला होता.

पाणी उतरल्यावर मी वस्तीवर गेले. पद्मा म्हणत होती मी येते, मी नको म्हटलं. मंदा चिखल काढत होती. मी तिला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. यंत्र बंद पडलं, आकडा आला नाही, आणि आकडा नसेल तर हिरवं दाखवा हे मी सांगितलं होतं. तिने खोरं टेकवलं.

“म्हंजी तात्यांनी बघितलं ते हिरवं, ते कायच नव्हतं?”

“काहीच नव्हतं.”

ती परत चिखल ओढायला लागली. सासू बाजेवरून बोलली. “चुकलीस. पर सांगाया आलीस. बस.” मी बसले. चहा मिळाला नाही, आणि मी त्याची वाटही बघितली नाही.

नदीने तात्यांना नेलं, असं सगळे म्हणतात. माझा भाऊही म्हणतो, तू कशाला मनाला लावून घेतेस. मी मनाला वगैरे लावून घेतलेलं नाही. नदीनेच नेलं. पण पिवळीची हिरवी नदीने केली नव्हती.

काम मी सोडलं नाही. सोडून कुणाचं भलं होणार होतं? उलट मी आता ते जास्त चांगलं करते, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आता आमच्या नकाशात रिकाम्या चौकटीला जमिनीचा रंग मिळत नाही. ती करडी होते आणि तिच्यावर लिहिलेलं येतं, शेवटचा आकडा किती वाजताचा. दोन तास करडी राहिली की माझ्यासमोर घंटी वाजते. मग मी त्या गावात फोन लावते. प्रत्येक वस्तीवर एक बाई ठरवलेली आहे. बाईच, कारण पुरुष फोन खिशात घालून नदीवर जातो. तिने डोळ्यांनी बघून सांगितलेलं पाणी नकाशावर तिच्या नावानिशी जातं. त्या लालवर तिरप्या रेघा असतात, म्हणजे यंत्राचा लाल वेगळा आणि माणसाचा वेगळा. रेघांची युक्ती पद्माची. ती आता माझ्या प्रत्येक म्हणण्याला दोनदा ‘का?’ विचारते. मला राग येतो, आणि मी तिला तसंच विचारत जा म्हणते.

गेल्या पावसात असे फोन मी रोज केले. दोनदा यंत्राच्या आधी बायकांनी पाणी सांगितलं. एकदा एका बाईने घाबरून जास्त सांगितलं आणि होडी रिकामी परत आली. तालुक्याचा माणूस कुरकुरला. मी म्हटलं, रिकामी आलेली होडी मला चालते.

खटकेवस्तीवर मात्र मंदा फोन घेत नाही. वाजतो, मग तिची सासू घेते, पाणी किती आहे ते सांगते आणि ठेवते. मी जास्त बोलायला जात नाही.

पुराच्या त्या सकाळी वस्तीवर पाच माणसं होती. मंदा, तिची सासू, मुलगी आणि धाकटा मुलगा, ही चार वाचली.